बाळ झोपेपर्यंतची जागा

बेल्ह्याला बाजारतळाच्या कडेला हनुमंताचं दुकान आहे. पाटीवर मोठ्या अक्षरात 'बिरोबा कॉम्प्युटर्स' आणि त्याखाली 'लग्नपत्रिका, दशक्रिया पत्रिका, अर्ज, निकाल व इतर सर्व कामे'. यातले 'इतर सर्व कामे' हे शब्द शोभेला आहेत असं कोणी समजू नये. खरं दुकान तेच आहे. बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांतून आलेली माणसं आपापली ओझी हनुमंताकडे टाकतात आणि मोकळ्या हातांनी बाजारात हिंडायला जातात. नांगराचा फाळ, पोरीसाठी घेतलेली सायकल, शेळीला बांधायची साखळी, आणि कधीकधी साखळीच्या टोकाला शेळीसुद्धा. अशा दिवशी त्या दुकानात कॉम्प्युटर आहे हे माहीत असावं लागतं. बघून कळत नाही.

"कशाला ठेवून घेतोस रे सगळं?" मी एकदा विचारलं.

"राव, जागा हाय म्हनून ठेवतात ना? नसती तर ठिवलं असतं का?"

तर्क बिनतोड होता. जागा नव्हती, एवढीच काय ती त्यात खोट होती.

मी मूळचा कळंबचा. नोकरीनं बेल्ह्याला येऊन पडलो आणि संध्याकाळी बसायला हनुमंताचं दुकान सापडलं. गडी अंगानं नावाला अजिबात न जागणारा. द्रोणागिरी सोडा, सिमेंटचं अर्धं पोतं उचलताना मारुतीचं नाव घेणारा. त्याचे वडील राघू आणि आई बाळाबाई यांनी उभी हयात मेंढरांमागं काढली. पावसाळ्यात आण्याचं पठार, दिवाळी झाली की घाट उतरून कोकण. राघूबाबांचे गुडघे बोलायला लागले तेव्हा कळप विकला आणि घर बेल्ह्यात, आता दुकान आहे त्याच्याच मागं, थांबलं. मागच्या अंगणात चार-पाच मेंढ्या तेवढ्या ठेवल्या. त्या कशासाठी, असं विचारलं तर राघूबाबा विचारणाऱ्याकडे असे बघायचे, जणू त्यानं नाक कशासाठी ठेवलंय असं विचारलंय. म्हातारा बोलायचा कमी. दिवसभरात दहा शब्द झाले तर त्या दिवशी काहीतरी बिनसलंय असं घरचे समजत.

हनुमंताचा कॉम्प्युटर पुण्याच्या कुठल्याशा ऑफिसनं सेवानिवृत्त केलेला. हनुमंताचा शाळासोबती आदेश पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कामाला होता, त्यानं तो आणून दिला. मेमरी बत्तीस एमबी. आता खिशातला मोबाइल त्याला हसेल, पण तेव्हा, दोन हजार तीन साली, बेल्ह्यात त्याला मान होता.

त्या वर्षी उन्हाळ्यात बेल्ह्यात जे झालं ते कळायला या यंत्राची एकच गोष्ट माहीत हवी. कॉम्प्युटरला काम करताना समोर पसारा मांडायला जागा लागते, ती म्हणजे मेमरी. ती भरली की तो काय करतो? हार्ड डिस्क हे त्याचं कपाट. त्या कपाटात एक कप्पा रिकामा राखून ठेवलेला असतो, त्यात मावेनासा झालेला पसारा तात्पुरता सरकवतो. त्या कप्प्याला म्हणतात स्वॅप. तो केवढा ठेवायचा हे मालकानं ठरवायचं. लहान ठेवला तर काम मध्येच गुदमरतं. मोठा ठेवला तर कपाटात दुसरं काही ठेवायला जागा राहत नाही, कारण कप्पा कपाटातलाच.

हनुमंताला हे आदेशनं सांगितलं तेव्हा तो खुशीत आला.

"आरं, ही तर आमची वाघूर!"

वाघूर म्हणजे रात्री मेंढरं कोंडायला लावतात ते सुतळीचं जाळं. राघूबाबांचा कायदा असा, की आपली जेवढी मेंढरं असतील तेवढीच जागा आणखी सोडून वाघूर लावायची. का? तर हा सगळा बिबट्याचा मुलूख. अंधार पडल्यावर कुणा चुकल्यामाकल्याचा कळप आला तर त्याला 'जागा न्हाई' म्हणायची वेळ येऊ नये. आदेशही म्हणत होता, साधारण मेमरीच्या दुप्पट स्वॅप ठेव. आण्याच्या पठारावरचं शास्त्र आणि पुण्याचं शास्त्र एक निघालं म्हणून हनुमंतानं त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला.

चैत्र संपता संपता जामनगरहून फोन आला. हनुमंताची धाकटी बहीण इंद्रायणी तिथं असते. जावई तिथल्या कारखान्यात. तिला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण खरं म्हणजे माहेरचं, पण डॉक्टरनं प्रवास करू नका म्हणून बजावलेलं. मग बाळाबाईच तिकडे जाणार होत्या, तर आठवड्यापूर्वी हौदावर पाय घसरला आणि मांडीपर्यंत प्लास्टर. खाटेवर पडल्या पडल्या त्यांना नात झाल्याचं कळलं. आनंदानं त्या आधी हसल्या आणि मग रडायला लागल्या.

"बारशाला पाळना कोन म्हनंल?"

त्यांच्यात पाळणा आईच्या आईनं म्हणायचा. आणि तो छापील पाळणा नव्हे, राम-कृष्णाचा. त्यात सगळे नातेवाईक, सगळे शेजारी, जिथं जिथं तळ पडला ती गावं, सगळी नावानिशी यावी लागतात. पाळण्यात ज्याचं नाव नाही त्याला बाळ ओळखत नाही, असा समज. त्यामुळे गोतावळा जेवढा तेवढा पाळणा, आणि बाळाबाईंचा गोतावळा म्हणजे अर्धा जुन्नर तालुका.

"तिकडच्या बायका म्हनतील की," हनुमंताची बायको आशा समजूत घालायला गेली.

"त्यांच्या पाळन्यात आपलं कोन असंल गं? पोरीला आजा वळखू यायचा न्हाई, मामा वळखू यायचा न्हाई. मीबी न्हाई."

फोनवर म्हणून बघितला. पण जामनगर लांब आहे, म्हणून बाळाबाई फोनवर ओरडून बोलतात. त्यांनी पहिली ओळ म्हटली आणि तिकडे बाळ दचकून किंचाळलं. शेजारचा पंक्चरवाला बहिरू म्हणाला, "मावशी, फोन कशाला लावला? असंच ऐकू गेलं असतं."

घरातल्या टेपरेकॉर्डरचं दार तुटल्यापासून तो रबराच्या वेढ्यावर चालायचा आणि कुणाचाही आवाज रेड्यासारखा काढायचा. शिवाय जावयाकडे टेप नव्हता, कॉम्प्युटर होता. हनुमंतानं ठरवून टाकलं. आईचा पाळणा कॉम्प्युटरवर भरायचा, नारायणगावच्या स्टुडिओत सीडी करायची आणि बारशाच्या आत जामनगरला पोचवायची.

"आनि एक नंबर क्वालिटीत भरनार," तो म्हणाला. "माझी भाची ऐकनार हाय. खरखर नको."

एक नंबर क्वालिटी म्हणजे मिनिटाला दहा एमबी. आणि भरत असताना तो सगळा आवाज मेमरीत धरून ठेवायचा, मेमरी भरली की स्वॅपमध्ये. म्हणजे आई जेवढा वेळ गाणार तेवढा स्वॅप हवा. सोपं गणित. हनुमंत खाटेपाशी गेला.

"आये, पाळना किती वेळ चालतो तुझा?"

"बाळ झोपंस्तवर."

"ते खरं. पन मिनटं किती?"

"मला काय इचारतो? बाळाला इचार."

त्यानं आदेशला फोन केला. आदेश म्हणाला, तुला सांगितलंय ना, दुप्पट, चौसष्ट कर आणि झोप. हनुमंतानं हिशेब मांडला: सहा-सात मिनिटं.

"सहा मिनिटांत कुठलं बाळ झोपतं वो?" आशा म्हणाली. "आपली पोर संस्कृती सहा वर्सांची झाली, अजून झोपली न्हाई."

म्हणून मग दुप्पटीची चौपट झाली. तेवढ्यावर भागलं असतं, पण भरताना शांतता हवी. दुकानाच्या डाव्या अंगाला सावळेरामची पिठाची गिरणी, उजव्या अंगाला बहिरूचा हवा भरायचा पंप. हनुमंत सावळेरामकडे गेला आणि म्हणाला, उद्या सकाळी तासभर गिरणी बंद ठेव.

"ठेवतो की. भाचीचं काम हाय. फकस्त एक कर हनुमंता. पाळन्यात माझं नाव घ्यायला सांग म्हातारीला."

बहिरूनं तर नुसतं स्वतःचं नाव नाही, दुकानाचंही यावं म्हणून सांगितलं. हनुमंतानं नाही म्हणायचं म्हणजे सूर्यानं सुट्टी घेण्यासारखं. परत येऊन त्यानं स्वॅपमध्ये दोघांसाठी थोडी थोडी जागा वाढवली. मग वाटलं, उद्या ऐनवेळी आणखी कुणी आला तर? वाघूर ऐसपैसच हवी. आणि त्या माणसानं कपाटात जेवढं मोकळं होतं त्यातलं चिमूटभर सोडून सगळं स्वॅपला देऊन टाकलं.

मी तिथंच होतो. मला ते फार उदार वाटलं. मी तसं म्हणालोही.

सकाळी बाळाबाईंची खाट मागच्या खोलीत दारापाशी ओढली. आढ्याला घोंगडीची झोळी बांधली आणि तिच्या वर माइक टांगला. सावळेरामनं पट्टा उतरवला, बहिरूनं पंप बंद केला. बाजारतळावर एवढी शांतता पसरली की रस्त्यानं जाणारा एक म्हातारा टोपी काढून विचारायला लागला, "कोन गेलं?"

सगळं जमलं आणि बाळाबाई म्हणाल्या, "बाळ कुठाय?"

"जामनगरला, आये."

"मग झोळीत काय हाय?"

"काय न्हाई."

"रिकाम्या झोळीला पाळना म्हनू? माझ्या लेकीच्या घरादाराला अपशकुन करू?"

रिकामा पाळणा हलवायचा नाही, हे कुणाही मराठी माणसाला ठाऊक आहे. फक्त कॉम्प्युटरच्या नादात आम्हा सगळ्यांनाच विसर पडला होता. आता तान्हं बाळ आणायचं कुठून? सावळेरामनं गल्लीतल्या बायकांची नावं मनातल्या मनात मोजली आणि मान हलवली. तेव्हा उंबऱ्यावर बसलेले राघूबाबा उठले, अंगणात गेले आणि परवाच जन्मलेलं मेंढीचं पिल्लू उचलून घेऊन आले. घोंगडीच्या झोळीत त्यांनी ते अलगद ठेवलं आणि पुन्हा उंबऱ्यावर आमच्याकडे पाठ करून बसले. 

बाळाबाईंनी झोळीत डोकावून बघितलं. "हां," म्हणाल्या आणि दोरीला हात घातला.

मी त्या बाईचा आवाज तोवर फक्त भांडणात आणि फोनवर ऐकला होता. मेंढरं हाकून हाकून तो खडबडीत झालेला. पण झोळीला पहिला झोका दिला आणि तोच आवाज घोंगडीसारखा झाला. वरून टोचरा, आतून ऊब.

पहिला तळ पडला गं आण्याच्या पठारावरी,
मामा उभा हनुमंत वाघुरीच्या दारी,
जो जो रे बाळा.

हनुमंत पडद्यावरच्या हलत्या रेघेकडे बघत होता. मामाचं नाव आलं तशी ती रेघ वर उसळली. त्यानं पटकन डोळे पुसले आणि पडदा पुसतोय असं दाखवलं. मग चुलते आले, मावश्या आल्या, घाटाखालची गावं आली. ज्या झाडाखाली इंद्रायणी चालायला शिकली ते झाड आलं. मग:

गिरणी थांबव सावळेरामा, पट्टा उतरव खाली,
इंद्रायणीच्या तान्हीला गं आत्ता झोप आली.

सावळेराम दारात उभा होता. बासष्ट वर्षांचा माणूस, पण लाजला. बहिरूचं नाव दुकानासकट आलं, तेव्हा त्यानं उगाच बाजूच्याला कोपरानं ढोसलं. झोळीतलं पिल्लू मात्र झोपायचं नाव घेईना. मधूनच 'म्यँऽ' करायचं, की बाळाबाई आणखी एका नातेवाइकाला पाळण्यात घ्यायच्या. मग एका कडव्यात हे आलं:

घोंगडीची ऊब तुला देतो गं कोण?
आजा तुझा…

आणि त्या थांबल्या.

नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं. एरवी 'ह्ये' म्हटलं की भागायचं. पाळण्यात भागत नाही. नाव हवं, नाहीतर आजा ओळखू येणार नाही. अशा जागी नणंद बाजूनं नाव घालते म्हणे. पण नणंद कुणी बोलावली नव्हती, आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. दोरी हलत होती. रेघ सपाट झाली होती. हनुमंतानं तोंड उघडलं, पण बापाचं असं एकेरी नाव तो तरी कसं घेणार?

उंबऱ्यावरून, आमच्याकडे पाठ तशीच ठेवून, हलक्या आवाजात राघूबाबा म्हणाले,

"राघू."

बाळाबाईंनी ओळ पुरी केली. "…तुझीच त्याला आण." आवाज जरासा हलला, झोक्याची लय नाही हलली. आणखी दोन कडव्यांनी पिल्लानं मान टाकली.

"झोपलं," त्या कुजबुजल्या.

हनुमंतानं बटण दाबलं. वीस मिनिटं. स्वॅपनं बाळाबाईंचा अख्खा गोतावळा पोटात घेतला होता, एकही नाव न सांडता. हनुमंतानं माझ्याकडे असं बघितलं जसं राघूबाबांनी भरली वाघूर बघितली असेल. मग त्यानं पाळणा कपाटात कायमचा ठेवायला म्हणून 'सेव्ह' केलं.

पडद्यावर चौकट आली. डिस्कवर जागा नाही.

त्यानं पुन्हा केलं. पुन्हा तीच चौकट.

पाळणा होता, पण तात्पुरत्या कप्प्यात. तिथून कपाटात ठेवायला तेवढीच जागा हवी आणि ती सगळी हनुमंतानं पाहुण्यांना देऊन टाकलेली. कप्पा लहान करायचा तर कॉम्प्युटर बंद करून चालू करावा लागतो, आणि बंद केला की पाळणा गेला. त्यात भारनियमन. अकराला वीज जाणार, आणि घड्याळात अकराला दहा कमी.

"काय झालं रं?" बाळाबाईंनी खाटेवरून विचारलं.

"काय न्हाई, आये."

"काहीतरी पुसून टाक की लवकर," मी म्हणालो.

हनुमंतानं कपाट उघडलं. आत गेल्या चार वर्षांतली आसपासच्या प्रत्येक गावातली लग्नपत्रिका होती. हा माणूस काही पुसतच नसे.

"ही बघ," मी म्हणालो, "सावळेरामच्या पुतणीची पत्रिका. तिचं पोर बालवाडीत जातं आता."

"उद्या परत लागली तर?"

"लग्न परत लागेल का?"

"लग्न न्हाई राव, पत्रिका. लोकं इस्वासानं ठिवून गेल्यात."

"अरे पुस रे माझ्या पुतणीची!" सावळेराम कळवळून म्हणाला.

हनुमंतानं ती पुसली. पण पत्रिका निघाली इवलीशी, तिनं काय होतंय? अशा शंभर पुसल्या तरी पाळण्याचं एक कडवं मावलं नसतं. कपाटात मोठं असं एकच होतं, आणि ते काय आहे हे हनुमंताला माहीत होतं, म्हणून तो तिकडे जात नव्हता. त्याच्या लग्नाचे फोटो. नारायणगावला नेऊन, सगळ्यात मोठ्या मापात स्कॅन करून आणलेले. सकाळी दुकान उघडलं की बिरोबाला उदबत्ती आणि त्यानंतर पडद्यावर आशाचा मुंडावळ्यांतला फोटो, असा त्याचा नेम. तो नेम आपल्याशिवाय कुणाला माहीत नाही, असं त्याला वाटायचं.

आशा त्याच्या पाठीशी येऊन उभी राहिली.

"आपलं पुसा."

"काय आपलं?"

"फोटू. रोज बघता ते."

हनुमंत कानापर्यंत लाल झाला. "तुला कुनी सांगितलं?"

"उदबत्ती संपंस्तवर चहाला हाक मारली तर येत न्हाई तुमी. मला काय कळत न्हाई व्हय? कागदावरचे फोटू पेटीत हायेत. आत्याबाईंचा आवाज कागदावर हाय का?"

"पेटीतलं रोज कोन काढतं गं…"

"मग मलाच बघा की," आशा म्हणाली. "मी काय कुठं गेलेय का?"

बहिरू तोंड फिरवून हसला. हनुमंतानं फोटो एकेक करून पुसले. सगळे एकदम पुसता येतात हे त्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं. घड्याळ अकराकडे पळत होतं आणि तो प्रत्येक फोटोचं नाव वाचून मग पुसत होता. हळद. अंतरपाट. आशा एकटी. शेवटच्यावर बोट थांबलं. आशानंच त्याच्या बोटावर बोट ठेवून दाबलं.

पाळणा सेव्ह झाला. पट्टी डावीकडून उजवीकडे बैलगाडीच्या चालीनं सरकली आणि अकराच्या ठोक्याला टोकाला पोचली. आम्ही सगळ्यांनी वरच्या दिव्याकडे बघितलं.

वीज गेलीच नाही. वर्षभर जी घड्याळ लावून जायची ती त्या दिवशी दुपारपर्यंत लख्ख चालू होती. सावळेरामनं दुसऱ्या दिवशी वायरमनला रस्त्यात गाठून जाब विचारला, "काल लाइट का न्हाई घालवली रं? आमचा जीव उगाच घाबरा केला!"

कॉम्प्युटरचा तो डबा हनुमंतानं त्याच दुपारी नारायणगावला नेला. मोटारसायकलवर हनुमंत, मागं आशा आणि तिच्या मांडीवर घोंगडीत गुंडाळलेला कॉम्प्युटर. आळेफाट्यावर रसाच्या गुऱ्हाळात थांबले तेव्हा एका बाईनं पदर सावरत विचारलं, "मुलगा का मुलगी?" आशा म्हणाली, "पाळना हाय." ती बाई बराच वेळ विचार करत राहिली असणार.

सीडी बारशाच्या आदल्या दिवशी जामनगरला पोचली. मुलीचं नाव आरोही ठेवलं. संध्याकाळी इंद्रायणीचा फोन आला. हनुमंतानं आधी क्वालिटीचं विचारलं.

"दादा, खरखर अजिबात न्हाई," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "बाबांनी सवताचं नाव घेतलं रे."

"हां."

"आनि दादा, ते मधी मेंढरू कोन व्हतं?"

दिवाळीला इंद्रायणी आरोहीला घेऊन आली. सहा महिन्यांची पोर. गिरणीतून सावळेराम, दुकानातून बहिरू, सगळे ओळखपरेडला हजर. पाळण्यात नाव असलेल्यांना बाळ ओळखतं म्हणतात. आरोहीनं नाव असलेल्या आणि नसलेल्या सगळ्यांकडे सारख्याच नजरेनं बघितलं आणि सगळ्यांसाठी सारख्याच ताकदीनं भोकाड पसरलं. बहिरूचा चेहरा एवढासा झाला. "दुकानाचंबी नाव व्हतं की," तो म्हणाला.

दुपार झाली, पोर झोपेला आली आणि झोपेना. तिकडे ती रोज सीडी लावून झोपायची. इकडे हनुमंताचा कॉम्प्युटर बाजारच्या सामानाखाली कुठंतरी होता.

"आण इकडं," बाळाबाई म्हणाल्या. पाय आता बरा होता. त्यांनी झोळीत नातीला घातलं, दोरी धरली आणि पहिला तळ आण्याच्या पठारावर पाडला.

रडं थांबलं. आरोही डोळे मोठे करून वर बघायला लागली. मामा आला, मावश्या आल्या, गिरणीचा पट्टा उतरला. पोर ऐकत होती, पण कपाळाला आठी. काहीतरी चुकत होतं. इंद्रायणीच्या ध्यानात आलं आणि ती हसायला लागली.

"दादा, मेंढरू!"

"आं?"

"अरे, इथं मेंढरू ओरडतं! ओरड ना!"

बिरोबा कॉम्प्युटर्सचे मालक चार माणसांदेखत 'म्यँऽ' म्हणाले. आरोहीची आठी गेली. पापण्या जड झाल्या. बाळाबाई गात पुढं गेल्या.

घोंगडीची ऊब तुला देतो गं कोण?
आजा तुझा…

आणि थांबल्या. आम्ही उंबऱ्याकडे बघितलं. उंबरा रिकामा. राघूबाबा मेंढ्यांना पाला घालायला मागं गेलेले. दोरी हलत होती. बाळाबाई नाव घेईनात, हनुमंत घेऊ शकेना. झोळीतली पोर पुन्हा टक्क डोळे उघडून वाट बघायला लागली. ती जागा तिला पक्की माहीत होती.

आशा अनवाणीच मागच्या दारानं पळाली. तिचा आवाज अंगणातून ऐकू आला.

"मामंजी, पाला ऱ्हाऊ द्या! तुमची वाट बघतीय ती!"

राघूबाबा आले. हाताला शेवरीचा पाला चिकटलेला, गुडघे बोलत होते. झोळीपाशी वाकले. या खेपेला पाठ केली नाही.

"राघू," म्हणाले.

आरोहीनं आवाज आला तिकडे मान वळवली, म्हाताऱ्याच्या मिशांकडे नीट बघून घेतलं आणि डोळे मिटले.

"झोपलं," बाळाबाई म्हणाल्या.